उद्यमनगरात काय बनवायचं, विकत काय आणायचं: जुनी गाडी ट्रॅकवर नेण्याआधीची तयारी

माझ्या १९७५ सालच्या पद्मिनीवर पहिल्या वर्षी जे पैसे घातले, ते सगळे बॉनेटखाली गेले. बोअर करून घेतला, हेड घासून घेतलं, कार्बोरेटर बदलला. सीट मूळचीच, बाकासारखी सलग. पट्टा फक्त कमरेचा. डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट. अशा अवस्थेत गाडी ट्रेलरवर घालून दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर हौशी लोकांच्या दिवसाला गेलो. तिसऱ्या फेरीत ब्रेकचा पेडल फरशीला टेकला. गाडी वळणाबाहेर जाऊन टायरच्या ढिगात आडवी शिरली. वेग फार नव्हता, तरी मी बाकावरून घसरत पलीकडच्या दारापर्यंत गेलो आणि पुढचे पंधरा दिवस मान वळत नव्हती. त्या दिवशी इंजिन उत्तम चाललं होतं.

कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या मागे फियाट, ॲम्बॅसॅडर, हेराल्ड, विलीज जीप झाकून ठेवलेल्या आहेत. दसऱ्याला शाही मिरवणुकीतली मेबॅक डोळे भरून बघणारं हे गाव आहे. त्यातल्या काही जणांना जुनी गाडी नुसती पुसून उभी करायची नसते, जोरात चालवायची असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. खर्च कुठल्या क्रमानं करावा, उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या लेथ-वेल्डिंगच्या कारखान्यांच्या वस्तीत, काय करून घ्यावं आणि कशाला तिथं हात लावू नये, एवढं सांगतो.

आधी जागा आणि कागद

पहाटे पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या घाटात ‘जरा बघू’ म्हणणाऱ्यांनी इथंच थांबावं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. शिवाय समोरून येणाऱ्या दूधवाल्यानं हेल्मेट घातलेलं नसतं. शर्यत बंद जागेतच करायची: मोकळ्या मैदानावरची ऑटोक्रॉस, घड्याळाविरुद्धची टाइम ट्रायल, किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा आणि कोइम्बतूरचा कारी हे ट्रॅक. रेषा कशी धरायची, ब्रेक कुठं मारायचा हे शिकायला कोल्हापुरातच गो-कार्टचा ट्रॅक आहे. जुन्या गाडीत बसण्याआधी तिथं काही दिवस घालवा.

ज्या कार्यक्रमाला जाणार, त्याची नियमावली आधी मागवून घ्या. देशात मोटरस्पोर्टचे परवाने आणि नियम एफएमएससीआय ही संस्था बघते. गाडी तपासणारा स्क्रुटिनीअर पट्ट्यावरच्या लेबलापासून बॅटरीच्या क्लॅम्पपर्यंत सगळं बघतो. काहीही विकत घेण्याआधी त्याची यादी हातात असली की पैसे वाचतात.

आणखी एक कागद बघायला बहुतेक जण विसरतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे फ्लोअरला रोल केज (केबिनमधला नळ्यांचा पिंजरा) वेल्ड केला की ही नोंदणी अडचणीत येऊ शकते. ही गाडी मिरवणुकीची की ट्रॅकची, हे पाइप कापायच्या आधी ठरवा. दोन्हीची हौस असेल तर मूळ गाडीला हात लावू नका. पत्र्यानं बरी पण कागदानं सामान्य अशी दुसरी पद्मिनी शोधा.

थांबणारी गाडी

सेफ्टीचं सामान आणण्याआधी गाडी थांबते का ते बघा. जुन्या फियाट-ॲम्बॅसॅडरला चारही ड्रम आणि एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला किंवा एका व्हील सिलेंडरचं वॉशर गेलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. टँडेम (दोन कप्प्यांचा) मास्टर सिलेंडर बसवून पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं करणं, हा माझ्या मते गाडीवरचा पहिला खर्च असावा.

माझा पेडल का गेला, ते नंतर कळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारल्या की ड्रम तापतात, ऑइल उकळतं, पाइपमध्ये वाफ धरते आणि पाय स्पंजवर पडावा तसा खाली जातो. गाडी नेण्याच्या आठवड्यात सगळं ऑइल बदला, बाटली नवीन फोडा. लायनर घासताना आणि ड्रम साफ करताना फुंकर किंवा हवेचा पाइप मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्यानं पुसा.

किंगपिन, बॉल जॉइंट, टायरॉड एंड, स्टेअरिंग बॉक्सची ढिलाई, चाकांच्या रिमवरच्या चिरा हे रंग दिलेल्या गाडीवर दिसत नाही. रिम घासून उघडी करूनच बघा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात. ‘३५१९’ म्हणजे २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल असू दे, दहा वर्षांचं कडक रबर घेऊन वळणात शिरू नका.

मिस्त्रीला काय सांगायचं

बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात ‘हे बनवून मिळणार नाही’ असं सहसा कोणी म्हणत नाही. शिवाजी उद्यमनगरात नुसता तुटका नमुना दाखवला तरी संध्याकाळपर्यंत लेथवर नवीन भाग उतरतो. मला या गोष्टीचा अभिमान आहे. पण याच सवयीमुळे इथं चूकही होते. माझ्या मिस्त्रींनी एकदा पट्ट्याचं तुटलेलं बक्कल हातात घेऊन म्हटलं, “हे काय अवघड नाही ओ साहेब, दोन दिवसांत करून देतो.” त्यांनी खरंच हुबेहूब करून दिलं असतं. मी म्हटलं, “मामा, तुम्ही करालच. पण ते २५ जी ला, म्हणजे वजनाच्या पंचवीसपट झटक्याला, उघडणार नाही, हे आपण दोघंही तपासू शकत नाही.” ते थोडा वेळ बक्कलाकडे बघत राहिले आणि त्यांनी ते परत दिलं.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. जी वस्तू खरी आहे की नाही हे ती तोडूनच कळतं, ती लेबलासकट विकत आणायची: हेल्मेट, पट्टे, रेसिंग सीट, हॅन्स (मान सांभाळणारी कॉलर), सूट, अग्निशामक. जी वस्तू मोजून, ठोकून, डोळ्यांनी तपासता येते, ती उद्यमनगरात करून घ्यायची: रोल केज, सीटचे ब्रॅकेट, पट्ट्याच्या खालच्या प्लेटा, डिकी आणि केबिन यांच्यामधला पत्रा, बॅटरीची पेटी. स्वस्त मिळतात म्हणून कुणाचे जुने पट्टे, पडलेलं हेल्मेट घेऊ नका. ते एकदा कामी येऊन गेलं असेल, तर पुन्हा येईलच असं नाही.

रोल केज

ऑफरोडच्या जीपांवर आपल्याकडे सर्रास पाण्याचा जी.आय. पाइप दिसतो. तो नको. त्याच्या जस्तामुळे वेल्डिंग कच्चं राहतं, धूर विषारी असतो आणि पाइप शिवणीत फाटतो. मागा कोल्ड ड्रॉन सीमलेस पाइप. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची व २.५ मिमी जाडीची, किंवा ५० मिमीची व २ मिमी जाडीची असते. बाकीच्या नळ्या ३८ × २.५ किंवा ४० × २. स्टीलची ताण सहन करण्याची ताकद किमान ३५० मेगापास्कल. पाइप विकणाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेट घ्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना हे कागद रोज लागतात, तुम्हाला मागायला संकोच नको.

पाइप थंडच वाकवायचा. वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वाळू भरून, गॅस मारून तापवलेला पाइप दिसायला छान वळतो, पण तिथं तो कमकुवत होतो. वळणावर सुरकुती पडली किंवा पाइप चपटा झाला, तर तो तुकडा टाकून द्या. वेल्डिंग मिग किंवा टिगचं, पाइपच्या पूर्ण घेराला. छतालगतची वरची बाजू पोचत नाही म्हणून अर्धीच सोडलेली जोडणी मी दोन गाड्यांत पाहिली आहे. जोड ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करू देऊ नका. वेल्ड बघता आलं पाहिजे.

केजचे पाय जिथं टेकतात तिथला पत्रा हा या सगळ्याचा पाया आहे. कोल्हापूरच्या पावसात पन्नास वर्षं काढलेल्या गाडीच्या फरशीत बऱ्याचदा पत्रा कमी आणि लांबी (पुट्टी) जास्त असते. स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. आत गेला, तर आधी तिथला पत्रा कापून नवा घाला. मग प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. बोल्टनं बसवत असाल तर पायाला किमान तीन बोल्ट, ८ मिमीचे, डोक्यावर ‘८.८’ छापलेले.

बसल्यावर हेल्मेट आणि वरची नळी यांत निदान पाच सेंटिमीटर अंतर राहू द्या. डोकं, गुडघे पोचतील अशा नळ्यांवर एफआयए ८८५७-२००१ चं घट्ट पॅडिंग लावा. पाण्याच्या पाइपला गुंडाळतात तो मऊ काळा फोम इथं काहीच करत नाही. आणि केज असलेली गाडी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवू नका. साधी मागून धडक बसली तरी कपाळ त्या नळीवर आपटतं.

सीट, पट्टा आणि मान

या तीन गोष्टी मी मुद्दाम एकत्र घेतो, कारण त्या एकमेकींशिवाय चालत नाहीत. हे समजायला मला दोन वर्षं लागली.

एक हिशोब करू. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात भिंतीला गेली आणि पुढचा भाग चेपत साठ सेंटिमीटरमध्ये थांबली. सरासरी मंदन येतं सुमारे २४ जी. डोकं साडेचार किलो, हेल्मेट दीड किलो. त्या क्षणी मानेवर जवळजवळ १४० किलोचा ओढा येतो. पट्टा छाती धरून ठेवतो, डोक्याला कुणीच धरलेलं नसतं. कवटीच्या तळाचं हाड तिथंच मोडतं. १९९४ मध्ये इमोलाला रोलँड रॅट्झेनबर्गर आणि २००१ मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट याच इजेनं गेले. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे रेसर मेहुणे जिम डाउनिंग यांनी यावरचं उत्तर ऐंशीच्या दशकातच शोधलं होतं. खांद्यावर बसणारी, हेल्मेटला दोन पट्ट्यांनी जोडलेली ती कॉलर म्हणजे हॅन्स. फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची व्हायला २००३ उजाडलं.

हॅन्स खांद्यावर राहतो तो खांद्याच्या दोन पट्ट्यांखाली. तीन टोकांच्या साध्या पट्ट्यावर तो काम करत नाही. म्हणजे हॅन्ससाठी सहा टोकांचा पट्टा, म्हणजे हार्नेस, हवा, आणि हार्नेससाठी पाठीच्या कवचाची सीट हवी. बाकासारख्या सीटवर हार्नेस बसवला की खांद्याचे पट्टे सीटवरून खाली मागच्या फरशीला जातात. धडकेत ते तुम्हाला मागे धरण्याऐवजी खाली दाबतात आणि भार मणक्यावर येतो.

बसवायचा क्रम असा. आधी एफआयए लेबल असलेली सीट, चालवणाऱ्याच्या मापाची. मित्राची मोठी सीट गाद्या घालून वापरू नका. ब्रॅकेट निदान ३ मिमी पत्र्याचे, फरशीखाली प्लेट देऊन. सीट शक्य तितकी मागे घ्या. या गाड्यांचा स्टेअरिंगचा दांडा सरळ आणि अखंड असतो, समोरून धडक बसली की तो छातीकडे येतो. आजच्या गाड्यांसारखा मधे दुमडत नाही.

मग खांद्याचे पट्टे. केजच्या आडव्या नळीवर गुंडाळा, अशा उंचीवर की ते खांद्यामागे जवळजवळ आडवे किंवा थोडे खाली, वीस अंशांच्या आत जातील. कमरेचा पट्टा कुल्ल्याच्या हाडावर बसला पाहिजे. पोटावर चढला तर आतडं फाटतं. मांड्यांमधले दोन पट्टे तो चढू देत नाहीत. म्हणून चार टोकांच्या पट्ट्यापेक्षा सहा टोकांचाच घ्या, एफआयए ८८५३-२०१६ चा. बांधताना आधी कंबर करकचून, मग मांड्या, शेवटी खांदे. उलटं केलं की खांद्याचा पट्टा कंबर वर ओढतो.

पट्ट्याच्या लेबलावर मुदत छापलेली असते, बनवल्याच्या वर्षानंतर पाच वर्षं. विणलेल्या पॉलिएस्टरवर ऊन बसतं, घाम बसतो, आणि त्याची ताकद किती उरली ते डोळ्यांना कळत नाही. गाडी उन्हात उभी असेल तर पट्टे काढून घरात ठेवा. मोठा धक्का बसला तर मुदत उरलेली असली तरी बदला.

आता सगळ्यांना हे जमणार नाही, हेही खरं. मैदानावरच्या ऑटोक्रॉसला कमी वेगात उतरणार असाल आणि नियम परवानगी देत असतील, तर चुकीच्या कोनात लावलेल्या हार्नेसपेक्षा नीट बसवलेला तीन टोकांचा पट्टा आणि उंच पाठीची सीट बरी. अर्धवट जोडणी सर्वांत वाईट.

शेवटी मान. तालमीत वस्ताद पोराला डाव शिकवायच्या आधी त्याची मान तयार करून घेतात. खासबागेच्या गावात हे समजावून सांगायला नको. रोज दहा मिनिटं मानेला द्या. दुसऱ्या सत्रात डोकं जड झालं की नजर खाली जाते आणि वळण हुकतं.

हेल्मेट

मोटरसायकलचं हेल्मेट गाडीत का चालत नाही? त्याच्या चाचणीत आग नसते, आणि एकाच जागी नळीवर वारंवार आपटण्याची चाचणीही नसते. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेच्या लेबलात ‘एम’ म्हणजे मोटरसायकल, ‘एसए’ म्हणजे ऑटो रेसिंग. एसए २०२० किंवा एफआयए ८८५९-२०१५ चं घ्या. हॅन्सचे खिळे बसवायला त्यात मुळातच जागा असते. स्वतः ड्रिल मारलं की हेल्मेट संपलं. माप असं की पट्टा लावून हेल्मेट फिरवलं तर कपाळाची कातडी सोबत फिरली पाहिजे. ओटीच्या कोब्यावर एकदा जोरात पडलं तरी नवीन घ्या, आणि पाचेक वर्षांनी तसंही बदला.

आग

जुन्या गाडीत मला धडकेपेक्षा आगीची भीती जास्त वाटते. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाहीत. त्या आधी फुगतात, मग मऊ होतात, मग पाझरतात, आणि आता पंपावर इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलं आहे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी काढून टाका आणि एसएई जे३० आर९ छापलेली घाला. इंजिनावर चालणाऱ्या पेट्रोलच्या ए.सी. पंपाचा डायफ्रामही बदला. त्या यांत्रिक पंपाचा एक मोठा गुण म्हणजे इंजिन थांबलं की पेट्रोल थांबतं. कुणी इलेक्ट्रिक पंप सुचवला तर धडकेत आपोआप बंद पडणारा इनर्शिया स्विच त्यासोबत बसवाच.

बऱ्याच जुन्या सलून गाड्यांत डिकी आणि केबिन यांच्यामध्ये फक्त सीटची पाठ आणि पुठ्ठा असतो. पलीकडे टाकी. तिथं मापानं कापलेला पत्रा लावा, फटी सीलंटनं बुजवा, वायरींची भोकं ग्रोमेटनं बंद करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, उद्यमनगरात अगदी थोडक्यात होतं, आणि आग केबिनपर्यंत यायला जो वेळ लागतो तो यानं वाढतो.

बॅटरीचा मुख्य स्विच लावताना एक चूक हमखास होते. फक्त बॅटरीची वायर तोडली तर डायनमो किंवा अल्टरनेटर इग्निशन कॉइलला करंट देत राहतो आणि इंजिन चालूच राहतं. जास्त टर्मिनलचा रेसिंग स्विच घ्या आणि कॉइलची वायरही त्यातूनच न्या. मग इंजिन चालू ठेवून स्विच फिरवा. बंद पडलं तरच काम झालं. बाहेरून तो कुठं आहे हे मार्शलला कळावं म्हणून निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण लावतात.

अग्निशामक हाताशी, बसल्या जागेवरून पट्टा न सोडता पोचेल असा. दुकानात बहुतेक दोन किलोचा एबीसी पावडरचा मिळतो. बंद केबिनमध्ये त्याची पावडर उडाली की समोरचं काही दिसत नाही आणि श्वास अडकतो. मिळत असेल तर एएफएफएफ फोमचा घ्या. प्लॅस्टिकच्या क्लिपवर लावू नका. २५ जी ला दोन किलोची बाटली पन्नास किलोच्या पोत्यासारखी सुटते. धातूचे दोन पट्टे आणि फरशीला बोल्ट.

अंगावरच्या कपड्यांचं थोडक्यात सांगतो. ग्रुपचे छापील टी-शर्ट बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. आगीत ते वितळून कातडीला चिकटतात. नोमेक्स हे आग सोसणारं कापड वितळत नाही, त्याचा कोळसा होतो. एसएफआय या अमेरिकन संस्थेच्या ३.२ए/१ पातळीचा सूट दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यापासून सुमारे ३ सेकंद वाचवतो, ३.२ए/५ चा सुमारे १० सेकंद. २०२० मध्ये बहरीनला रोमेन ग्रोजाँ पेटलेल्या गाडीतून बाहेर यायला २८ सेकंद लागले होते. स्वस्त सूट घेण्याआधी हे आकडे शेजारी शेजारी ठेवा. सूटखाली नोमेक्सचे आतले कपडे, मोजे आणि डोकं झाकणारा बालाक्लावा घातले की संरक्षण वाढतं. हातमोजे आणि बूटही त्याच कापडाचे.

बाहेर पडणं

१९६६ मध्ये स्पाला फॉर्म्युला वनचा रेसर जॅकी स्टुअर्ट चेपलेल्या गाडीत अडकला, अंगावर पेट्रोल गळत होतं, आणि स्टेअरिंग काढायला पाना प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. नंतर तो पाना गाडीतच चिकटवून ठेवू लागला. तुमच्या गाडीत पट्टा कापायची कटर दोन ठिकाणी बांधा. गाडी कुशीवर पडली तर एक हात दबलेला असतो.

मग घरच्या अंगणात सराव. सगळं घाला: सूट, हेल्मेट, हॅन्स, हातमोजे. पट्टे करकचून बांधा. शेजारी मुलगा किंवा बहीण मोबाइलवर वेळ धरून उभी राहू दे. इंजिन बंद, स्विच बंद, बक्कल उघडा, हॅन्स केजच्या नळीत अडकू न देता डोकं बाहेर, मग अंग बाहेर. पहिल्यांदा मला वीस सेकंद लागले, कारण पद्मिनीच्या दाराचं हँडल जाड हातमोज्यातून सापडेना. हँडलला लाल कापडी पट्टी बांधली. आता डोळे मिटून, कधी डाव्या दारानं तर कधी उजव्या, दहाच्या आत येतो. ट्रेलर भरायच्या आदल्या संध्याकाळी हा सराव दोनदा होतो, आणि त्यात काही अडकलं तर सकाळी निघायच्या आधी ते दुरुस्त होतं.